चढाची चकती

"अशीच पाहिजे," चान थ्येनसुंग म्हणाले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली वस्तू त्यांनी काउंटरवर ठेवली.

पेइरूने कागद सोडला. सायकलच्या पेडलजवळ दातेरी चकती असते ना, जिच्यावरून चेन फिरते, ती होती. एका अंगाने दुमडलेली, तीन दाते साफ उडालेले. पेइरूला ती ओळखायला वेळ लागला नाही, कारण ती तिनेच बसवली होती. यूहंग तेव्हा याच दुकानात स्टुलावर बसून गार दुधाचा चहा ओढत तिला बजावत होता, की छत्तीस दात्यांचीच दे, तीस-बत्तीसच्या म्हाताऱ्यांना विक. आता यूहंग नव्हता आणि त्याचा म्हातारा समोर उभा होता.

"छत्तीस दाते," चान पुन्हा म्हणाले. "मी मोजलेत. उडालेले धरून."

"माहितीये काका," ती म्हणाली. "पण चढवणार कोण ती?"

"मी."

पेइरूने त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि मग चटकन दुसरीकडे पाहिलं.

तुंगशी गावात बसवाले चान म्हटलं की कोणीही घर दाखवील. वरच्या डोंगररस्त्याची बस त्यांनी जन्मभर चालवली. थांब्यांची नावं सांगणारी यंत्रं आली तरी त्यांनी ती बंद करून स्वतःच ओरडायची सवय सोडली नाही. म्हणायचे, यंत्राला काय कळतंय कोण झोपलंय ते. नोकरी संपली आणि पुढच्याच वसंतात भूकंपाने तो रस्ता खिळखिळा केला. गाड्या बंद झाल्या, आडवा लोखंडी दांडा लागला. आता दांडा लावला म्हणून ऐकतील ते सायकलवाले कसले. उलट मोकळा रस्ता मिळाला म्हणून ते दांड्याखालून वाकून वर जायला लागले, आणि यूहंग त्यांच्यात सगळ्यांत पुढे. एका वळणावर वरून दगड आला. फार मोठाही नव्हता म्हणतात. बचावपथकाने दुसऱ्या दिवशी त्याला खाली आणलं, सायकलही आणली, आणि घरच्यांनी रीतीप्रमाणे सगळं केलं.

पण देह आणला म्हणजे माणूस आणला असं आमच्याकडे होत नाही. वाटेत मेलेला माणूस बावरून तिथेच उभा राहतो. त्याच्या घरच्याने त्या जागी जायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि दोन नाणी जमिनीवर टाकून विचारायचं, येतोस का? एक छापा नि एक काटा पडला, की हो. दोन्ही काटे पडले की नाही, आणि दोन्ही छापे म्हणजे तो नुसता हसतोय. हो मिळालं की त्याचा सदरा घेऊन निघायचं आणि वाटेत प्रत्येक पुलाशी, प्रत्येक बोगद्याशी त्याला सांगायचं, पूल आला बरं का, माझ्यामागे ये. नाही सांगितलं तर तो पुलाच्या अलीकडेच राहतो.

यूहंगच्या वेळी रस्ता पार बंद होता, म्हणून पुजाऱ्याने खालच्या दांड्याशीच उभं राहून डोंगराकडे तोंड करून घंटा वाजवली. नाणी कितीतरी वेळा टाकावी लागली. शेवटी एकदाचं हो आलं आणि पुजारी घाईघाईने आवरून दुसऱ्या कामाला गेला. तेव्हापासून छ्यूमेइच्या, म्हणजे यूहंगच्या आईच्या, डोळ्याला डोळा नव्हता. लागला की एकच स्वप्न. पोरगा वळणावर उभा, अंगावरचे कपडे ओले, आणि म्हणतोय, बाबांची बस अजून आली नाही.

असं स्वप्न ऐकल्यावर कोणता बाप घरात बसेल? आता वनखात्याने रस्ता उघडला होता, पण पायी नि सायकलने जाणाऱ्यांपुरता, आणि दिवसाउजेडी परत यायच्या अटीवर. पायी एका दिवसात होण्यासारखं नव्हतं. खरं म्हणजे अशा कामाला मेलेल्याहून लहान कोणी जावं. यूहंगला ना धाकटा भाऊ, ना मूल. बापाने पोरापुढे वाकायचं नसतं. पुजाऱ्याने डोकं खाजवून तोड काढली, की बापाने जावं, पण हात जोडू नयेत, मान झुकवू नये, ताठ उभं राहून हुकूम सोडल्यासारखं बोलवावं. त्या चढावर सायकलीच्या हॅन्डलवर न वाकता वर गेलेला माणूस अजून जन्मायचाय, हे पुजाऱ्याला कुठे ठाऊक.

"काका, बॅटरीची सायकल देते मी. भाडंबिडं नको," पेइरू म्हणाली.

"त्याचीच पाहिजे. आपली गाडी असेल तर तो बसेल. परक्याच्या गाडीत बसू नये हे मीच शिकवलंय त्याला लहानपणी."

"त्याचीच घ्या. पण पुढची चकती लहान लावू. चकती जेवढी लहान, तेवढा पेडल हलका. छत्तीस म्हणजे तो चढ तुमच्या गुडघ्यांना..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघतो. तू चकती लाव."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. पेइरू वाद घालत बसली नाही. फळीवरून नवी छत्तीसची काढली, पेडलचा दांडा उतरवला, मागचे तीन बारीक स्क्रू पिळले, चेन चढवली आणि म्हणाली, "मागच्या चढाने भूमिदेवाच्या देवळापर्यंत जाऊन या. तिथे पोचलात तर ही तुमची."

देऊळ दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. चान निघाले. पहिल्या घरापर्यंत ठीक गेले. दुसऱ्या घराशी सायकल डुलायला लागली, तिसऱ्याशी थांबली, आणि काका तिच्यासकट सावकाश आडवे झाले. दोन कुत्री भुंकत धावली आणि काय झालंय ते पाहून गप्प उभी राहिली.

"रस्ता ओला होता," परत आल्यावर ते म्हणाले. आठवडाभर पाऊस नव्हता.

पेइरूने गुडघ्याला लावायला औषध दिलं आणि बत्तीसची बसवली. तिच्यावर ते तीन घरं जास्त गेले आणि उतरले. मग तिने अठ्ठावीसची काढली. ती चकती तळहातावर मावेल एवढी होती. चेनच्याही चार कड्या कमी कराव्या लागल्या. चान ते सगळं तोंडातली सुपारी न चावता बघत होते.

"ही बायकांची चकती आहे," ते म्हणाले.

"माझ्या सायकलला हीच आहे. आणि तुमच्या चिरंजीवांच्या आधी मी वर पोचायचे," पेइरू बोलून गेली. आपण काय बोललो ते लक्षात येऊन ती हातातला पाना उगाच पुसत राहिली.

अठ्ठावीसवर ते देवळापर्यंत पोचले. मुंगीच्या पावलांनी, पाय भिंगरीसारखे फिरवत, पण पोचले. खाली आले तेव्हा श्वास फुलला होता आणि डोळे भरले होते. ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"नको ही! धुक्यात उभा असेल तो. हात लावून बघेल. चकती भलतीच लागली की म्हणेल, ही माझी नव्हे. काय करू मग मी? तिथे समजावत बसू?"

आता खरं कारण बाहेर आलं. चाननी खिशातून दोन नाणी काढली. "त्यालाच विचारतो. छत्तीस की अठ्ठावीस, तो सांगेल ते."

दाराशी स्कूटर लावून उभी असलेली छ्यूमेइ तेव्हा कुठे आत आली. भाजीच्या पिशव्या तिने खाली ठेवल्या.

"कोणाला विचारताय?" ती म्हणाली. "तो इथे असता तर वर कशाला जायचं होतं?"

चान यांचा नाणी धरलेला हात तसाच राहिला.

"आणि ओळखीचं म्हणाल, तर चकती नाही ओळखली तरी तुमचं धापा टाकणं ओळखेल. दोन डोंगरांपलीकडून ओळखेल. लहानच लाव गं पोरी. तो तरुण होता, हे म्हातारे आहेत. कोणी काही म्हणणार नाही."

असं ठरलं. जाऊन येईपर्यंत अठ्ठावीस राहील, उसनी. परत आल्यावर पेइरू छत्तीसची लावून देईल, मग सायकल यूहंगच्या खोलीत, होती तशी उभी राहील. छत्तीसची चकती चाननी तेव्हाच विकत घेतली आणि दुकानातच ठेवली, तिच्यावर आपलं नाव चिकटवून.

शरद ऋतू लागेस्तोवर ते रोज देवळाचा चढ चढले. मग एका सकाळी दांड्याशी वनखात्याच्या माणसाने त्यांना सलाम केला. तोही कधीकाळी त्यांच्याच बसने शाळेत जायचा. चान यांच्या पाठीवर बांबूची काडी बांधली होती आणि काडीला यूहंगचा निळा सदरा.

चढ काय असतो ते बस चालवणाऱ्याला माहीत असतं असं आपल्याला वाटतं. चान यांनाही वाटायचं. पण गिअर टाकला की इंजिन ओरडायचं, तो काही खरा चढ नव्हे. या रस्त्यावरचा प्रत्येक पूल त्यांना पाठ होता आणि दोन पुलांच्या मधलं काहीच माहीत नव्हतं. इथे झरा होता? हे जंगली केळीचं रान कधीचं? ते उतरायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बसायचे. लहान चकती गरगर फिरायची आणि सायकल तसूतसूने पुढे जायची. हॅन्डलवर मान टाकून चाललेल्या त्या बापाला पुजाऱ्याची अट आठवली तेव्हा एकदा हसूही आलं.

वळण आलं ते दुपार कलायच्या आधी. कडेला कोणी तरी दगडांचा छोटा ढीग रचून त्यावर सायकलची घंटा ठेवली होती. चाननी सदऱ्याची काडी ढिगात खोचली, उदबत्त्या लावल्या. छ्यूमेइने तळून दिलेली कोंबडी आणि गार दुधाचा चहा मांडला. चहा गार राहिला नव्हता. मग ते ताठ उभे राहिले, बसमध्ये ओरडायचे त्या आवाजात म्हणाले, "यूहंग! बाबा आलेत. चल घरी," आणि नाणी टाकली.

दोन्ही काटे.

"दमलास का? थोडा थांबतो मी." पुन्हा काटे.

"जेवून घे मग. आईने केलंय." छापा, छापा. हसतोय.

असं झालं की घरची माणसं कारण शोधतात, मेलेल्याची समजूत घालतात. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ते केलंय. चान खाली बसले आणि पोराची समजूत घालायला लागले. कोंबडी तिखट झाली का? मावशी आली नाही म्हणून? खालूनच घंटा वाजवून गेलो म्हणून राग आला? रस्ता बंद होता रे. काटे, काटे, एकदा छापे. शेवटी त्यांनी सायकल आडवी केली आणि चकतीवर हात ठेवला.

"या चकतीमुळे? अरे, छत्तीसची घेऊन ठेवलीये दुकानात. देवाशपथ. पण मला नाही झेपली ती, यूहंग. तिसऱ्या घराशी पडलो मी. पेइरूला विचार. तुझ्या बापाच्या पायांत तेवढं नाही." हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि ते तसेच रडले, सायकलपाशी बसून, मोकळेपणाने, इतक्या महिन्यांनंतर. मग नाणी टाकली. काटे. चकतीचा काही राग नव्हता.

ऊन सरकायला लागलं होतं. परत फिरायला हवं होतं. नाणी उचलताना त्यांनी पहिल्यांदा मान वर करून समोर पाहिलं. दरी खाली निळी पडली होती, तळाशी नदीची रेघ, आणि ढग त्यांच्या पायांखाली होते. या वळणावरून त्यांनी किती हजार वेळा बस नेली असेल. इथे नजर रस्त्यावरून हलवली तर माणसं मरतात, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. यूहंग म्हणायचा, "बाबा, तुम्ही एवढ्यांदा वर गेलात, पण तुम्ही वर गेलाच नाहीत." ते म्हणायचे, मूर्खा, मग तुझी फी कोणी भरली? आता ते बराच वेळ बघत राहिले. आणि जो प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता, तो त्यांना समजला.

त्यांनी पुष्कळ वेळ नाणी मुठीत ठेवली. विचारलं नाही तर उत्तर नाही. खाली जाऊन सांगता येईल की उद्या पुन्हा बघू. पण ती बाई स्वप्नात रोज पोराला ओल्या कपड्यांत बघत होती.

"तुला इथेच राहायचंय का?"

एक छापा, एक काटा.

तीनदा सारखं पडलं तर ते पक्कं, अशी रीत आहे. त्यांनी दुसऱ्यांदा टाकली. छापा, काटा. तिसऱ्यांदा टाकताना एक नाणं घरंगळत कडेच्या गवतात गेलं. ते रांगत तिथे गेले, गवत बाजूला केलं. काटा होता. दुसऱ्यावर छापा.

"बरं," चान म्हणाले. आणखी काय म्हणणार? "थंडीचं काही तरी घालत जा."

सदरा मात्र त्यांनी काढून घेतला. रिकाम्या काडीने घरी गेले असते तर छ्यूमेइ उंबऱ्यावरच कोसळली असती. उतारावर पेडल मारावा लागत नव्हता, सायकल आपसूक धावत होती. पहिला पूल आला. मागे कोणी नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी न सांगता पूल ओलांडायला त्यांची जीभ धजेना. "पूल आला रे, यूहंग! मागे ये!" ते ओरडले. बोगद्यात ओरडले, तेव्हा त्यांचाच आवाज मागून आला आणि क्षणभर ते फसले. सगळे पूल, सगळे बोगदे त्यांनी घेतले, एकही चुकवला नाही. दांड्यापाशी वनखात्याच्या माणसाने विचारलं, "आणलंत?" त्यांनी होकाराची मान हलवली.

छ्यूमेइ दार सताड उघडून उभी होती. फोटोपुढे भाताचा वाडगा वाफाळत होता.

"आला?"

"आला."

तिने सदरा छातीशी धरला आणि हुंगला. "सुका आहे," ती म्हणाली. "सुका आहे हो." मग तिला आठवलं आणि ती नाणी शोधायला लागली. विचारायला हवं ना, पोचलास का म्हणून.

चाननी तिचा हात धरला. "आल्या आल्या प्रश्न नकोत. लांबून आलाय. दमलाय पोरगा."

"खरंच," ती म्हणाली. "मी पण अशीच." तिने नाणी परत डब्यात टाकली. त्या रात्री ती झोपली, घोरलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी तिने यूहंगच्या खोलीतली चादर बदलली आणि जेवताना बाजारातल्या कोणाची तरी नक्कल केली. ओल्या कपड्यांचं स्वप्न पुन्हा पडलं नाही. चान तिच्याकडे बघत घास चावत राहायचे. एकाच माणसाला ती घरात जेवायला वाढत होती आणि त्यालाच डोंगरावर ठेवून आलेले हे समोर बसून जेवत होते. खोटं बोलणं त्यांना तेवढंसं जड गेलं नाही. जड गेलं ते दुसरंच. पोराला ते एकट्याने भेटले होते आणि त्याची खुशाली त्याच्या आईला सांगायची सोय उरली नव्हती.

आठवड्याने ते सायकल घेऊन दुकानात आले. त्यांचं नाव चिकटवलेली छत्तीसची चकती पेइरूने काढून ठेवलीच होती.

"द्या, लावून देते," ती म्हणाली. "काकू भेटल्या होत्या काल. किती बरं वाटतंय त्यांना. सगळ्यांना सांगत होत्या, घरी आणलं म्हणून."

"हो. आणलं." चान स्टुलावर बसले. "ती राहू दे. अठ्ठावीसची मला विकतच दे."

"कशाला काका? आता तर..."

"जावं म्हणतो अधूनमधून. हवा चांगली असते वर."

पेइरूने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या हातात पाना होता, तो तिने हळूच ठेवून दिला. या मुलीला पुढे सुखाचं घर मिळो.

"कधीही जा," ती म्हणाली. "मीही येईन सोबत, म्हणाल तेव्हा."

"तुला वाटेत थांबावं लागेल माझ्यासाठी."

"थांबेन की."

चाननी मान डोलावली. बराच वेळ ते त्या लहान चकतीवरून अंगठा फिरवत होते, एकेका दात्यावरून.

"पोरी," ते म्हणाले, "हिच्याहून लहान येते का?"

"सव्वीसची येते. पण काका, तुम्हाला अठ्ठावीस छान जमते की."

"आता जमते. आणखी दहा वर्षांनी नाही जमायची," चान म्हणाले. "तीही मागवून ठेव. जात राहायला हवं मला."